ख्राइस्टचर्चचा यंत्रशिल्पी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ख्राइस्टचर्च या शहरात ५ सप्टेंबर १९९५ रोजी जॉन ब्रिटन यांचे कर्करोगाने निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची ४५ वर्षे नुकतीच पुरी केली होती. मोटारसायकलींच्या जगात ज्यांची नावे सर्वतोमुखी आहेत त्या जपानी आणि इटालियन कारखानदारांच्या तुलनेत त्यांचा सरंजाम नगण्य होता. ज्या देशात ते जन्मले आणि वाढले त्या देशात मोटारसायकली निर्माण करण्याचा उद्योगच मुळी नव्हता, आणि त्यांनी घडविलेली यंत्रे सामान्य माणसाने विकत घेऊन रस्त्यावर चालवावीत अशीही नव्हती. असे असूनही त्यांच्या मृत्यूची वार्ता पसरली तेव्हा पस्तीस-छत्तीस लाख वस्तीच्या त्या लहानशा राष्ट्राने, आणि त्याच्या सीमांपलीकडे जेथे जेथे शर्यतीच्या मोटारसायकलींवर प्रेम करणारी माणसे होती तेथे तेथे, घरातले माणूस गेल्यासारखा शोक केला. हा शोक एका यशस्वी शर्यतबाजासाठी किंवा धनाढ्य उद्योजकासाठी नव्हता. कल्पना करणारे डोके आणि घडविणारा हात यांची आधुनिक कारखानदारीने केलेली वाटणी ज्याने आयुष्यभर नाकारली, अशा एका कारागिरासाठी तो होता, असे मला वाटते.

जॉन यांचा जन्म १ ऑगस्ट १९५० चा. जुळ्या भावंडांपैकी ते एक. शाळेत त्यांची फार ओढाताण झाली, कारण अक्षरे त्यांच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नसत. डिस्लेक्सिया या नावाने आज ज्या अडचणीची पालकांना आणि शिक्षकांना बऱ्यापैकी माहिती असते, ती त्या काळी बहुधा मंदबुद्धीच्या किंवा आळसाच्या सदरात जमा होत असे. पुस्तकांनी दूर लोटलेल्या या मुलाला वस्तूंनी मात्र जवळ केले. एका मित्राच्या साथीने त्याने इंडियन कंपनीची स्काउट नावाची एक जुनाट, टाकून दिलेली मोटारसायकल मिळविली आणि खटपट करून ती पुन्हा चालती केली. त्याच कंपनीच्या १९२० सालच्या स्काउटवर, इन्व्हरकार्गिल या दक्षिणेकडील गावचे बर्ट मन्रो यांनी स्वतः ओतलेले पिस्टन बसवून १९६७ साली अमेरिकेतील बॉनव्हिलच्या क्षारमैदानावर वेगाचा विक्रम केला होता. बाजारपेठांपासून हजारो मैल दूर असलेल्या त्या मुलखात सुटे भाग बोटीने येईपर्यंत महिने जात. तेव्हा जे मिळत नाही ते स्वतः करावे, हा तेथील शेतकऱ्यांचा आणि मिस्त्रींचा जुना दस्तुर आहे, आणि ब्रिटन त्याच परंपरेत वाढले.

पुढे त्यांनी रात्रीच्या वर्गात यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले, आराखडे काढणाऱ्या उमेदवाराची नोकरी केली, काही काळ इंग्लंडात राहून महामार्गांच्या आखणीच्या कामात उमेदीची वर्षे घालविली आणि मायदेशी परत येऊन यंत्रसामग्रीची रचना करण्याचे काम पत्करले. एवढ्यावर थांबले असते तर एक सचोटीचा अभियंता म्हणून त्यांची गणना झाली असती. परंतु १९७६ च्या सुमारास ते एकदम काचकामाकडे वळले आणि हाताने घडविलेल्या काचेचे दिवे करू लागले. त्यानंतर कुटुंबाच्या मालमत्तेचा व्यवसायही त्यांनी सांभाळला. ख्राइस्टचर्चमधील एका जुन्या तबेल्याचे त्यांनी राहत्या घरात रूपांतर केले, आणि त्या घरातील कितीतरी गोष्टी स्वतःच्या हाताने घडविल्या. चरित्रकार अशा वर्षांना पुष्कळदा भटकंतीची वर्षे म्हणतात. मला हे पटत नाही. तापलेल्या काचेला वळण देताना पदार्थाचा कल ओळखण्याची जी सवय बोटांना लागते, ती नसती तर पुढची मोटारसायकल झालीच नसती.

पहिल्या गाड्या त्यांनी आपल्या एका मित्राच्या साहाय्याने केल्या. प्रथम डुकाटीचे इंजिन घेऊन त्याभोवती स्वतः कल्पिलेले वायुवेधी कवच चढविले. नंतर ख्राइस्टचर्चमध्येच बनणारे डेन्को नावाचे इंजिन वापरून पाहिले. ही इंजिने मधूनच दगा देत, आणि त्यांना हवी होती तशी रचना कोणत्याही तयार इंजिनात बसेना. तेव्हा त्यांनी जो निर्णय घेतला तो ऐकून शहाण्यासुरत्या माणसांनी कपाळाला हात लावला असेल : इंजिनही आपणच करायचे. एखादे शर्यतीचे इंजिन नव्याने निर्माण करणे हे मोठ्या कंपन्यांनासुद्धा शेकडो माणसांचे आणि अमाप पैशाचे काम असते. ब्रिटन यांच्याजवळ घरालगतची कार्यशाळा, मूठभर मित्र आणि रात्री जागण्याची तयारी एवढेच भांडवल होते.

या उद्योगातून १९९२ साली जी मोटारसायकल जगापुढे आली, ती म्हणजे ब्रिटन व्ही १०००. तिचे वेगळेपण समजण्यासाठी साधी मोटारसायकल कशी असते ते क्षणभर आठवावे. पोलादाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची एक चौकट असते. तिच्यात इंजिन टांगलेले असते. पुढे दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा फोर्क आणि मागे आडवी भुजा या चौकटीलाच जोडलेली असते. ब्रिटन यांनी ही चौकटच काढून टाकली. त्यांच्या गाडीत इंजिन हाच पाठीचा कणा आहे. पुढचा आणि मागचा भाग, बैठक, सारे काही त्यालाच जडविलेले आहे. त्यामुळे कितीतरी वजन वाचले. पुढच्या चाकासाठी नेहमीच्या नळ्या न वापरता त्यांनी कार्बनच्या तंतूंची एक ताठ भुजा केली आणि ती दुहेरी जोडदांड्यांनी धरली; करकचून ब्रेक लावल्यावर गाडीचे नाक खाली बुडते आणि नेमक्या त्याच क्षणी चाकाला खळग्यांशी जुळवून घेण्यास वाव उरत नाही, हा नळ्यांच्या फोर्कचा जुना दोष या रचनेने बराचसा निवारला. मागच्या चाकाचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्यांनी चाकाजवळ न ठेवता इंजिनाच्या पुढे नेऊन बसविला आणि एका लांब दांडीने भुजेशी जोडला.

रेडिएटरची कथा याहून नामी आहे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा रेडिएटर सामान्यतः पुढच्या चाकामागे, वाऱ्याच्या तोंडावर बसवितात. पण तेथे तो असला म्हणजे गाडी रुंद होते आणि वाऱ्याला अडते. ब्रिटन यांनी रेडिएटर उचलून थेट स्वाराच्या बैठकीखाली ठेवला, नाकाडापासून एका बंद मार्गाने हवा तेथवर आणली आणि गाडीच्या मागे जेथे हवेचा दाब कमी असतो तेथे ती बाहेर सोडली. समोरून पाहिले असता ही गाडी इतकी सडपातळ दिसते की एवढे शक्तिमान इंजिन तिच्या पोटात मावते तरी कोठे, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडावा.

आणि हे कवच घडविले कसे? कागदावर आराखडा, त्यावरून लाकडी नमुना, नमुन्यावरून साचा, अशी कारखान्याची रीत आहे. ब्रिटन तारेचे तुकडे घेत, ते वाकवून गरम गोंदाने एकमेकांस चिकटवीत, आणि हवा कशी वाहील याचा अदमास घेत त्या सांगाड्याभोवती फिरत राहत. एखादी रेषा मनास आली नाही की तार तोडून पुन्हा जोडीत. चित्रकार रेघ मारतो आणि खोडतो त्याप्रमाणे त्यांनी ही मोटारसायकल अवकाशात रेखाटली. मग त्या आकारावर कार्बनच्या तंतूंचे थर बसू लागले. हे तंतू केसाहूनही बारीक असतात. त्यांचे कापड राळेत भिजवून एकावर एक बसविले आणि उष्णतेने पक्के केले म्हणजे पोलादाशी स्पर्धा करील असा ताठपणा पोलादाच्या अंशमात्र वजनात मिळतो. मात्र कापडाची वीण ताणाच्या दिशेशी जुळली पाहिजे. ती चुकली तर सारेच फुकट. विमानांच्या आणि फॉर्म्युला वनच्या कारखान्यांत या कामासाठी अवाढव्य दाबभट्ट्या असतात. ब्रिटन यांची मंडळी गाडीची चाकेसुद्धा याच पदार्थाची, हातांनी थर लावून, तयार करीत.

इंजिनाचे ओतकाम घरच्या आवारात होई. धातूच्या भागांना पाणी देण्यासाठी पत्नीची मातीची भांडी भाजण्याची भट्टी कामास आली, आणि तापलेले भाग थंड करण्यास पोहण्याच्या हौदातले पाणी उपसले गेले. या गोष्टी आता दंतकथेसारख्या सांगितल्या जातात आणि ऐकणारा हसतो. परंतु त्या भट्टीतून निघालेले इंजिन ९९९ घनसेंटिमीटरचे, साठ अंशांच्या कोनात बसविलेल्या दोन सिलिंडरांचे, प्रत्येकी चार व्हॉल्व्हांचे, टायटॅनियमच्या कनेक्टिंग रॉडांचे आणि इंधन पुरविण्याच्या संगणकनियंत्रित व्यवस्थेचे होते, आणि मिनिटाला ११,८०० फेऱ्यांवर ते १६६ अश्वशक्ती देत असे. सबंध गाडीचे वजन १३८ किलो. आपल्याकडच्या रस्त्यांवर त्या काळी रुबाबाने फिरणारी ३५० घनसेंटिमीटरची बुलेट हिच्याहून जड होती आणि तिची शक्ती १८ अश्वांची होती, एवढे सांगितले म्हणजे या आकड्यांचा अर्थ ध्यानात येईल.

मार्च १९९२ मध्ये ही गाडी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डेटोनाच्या मार्गावर, केवळ दोन सिलिंडरांच्या गाड्यांसाठी असणाऱ्या शर्यतीत उतरली. त्या आधीच्या वर्षी ब्रिटन यांच्या जुन्या धर्तीच्या गाड्या तेथेच दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या होत्या. ही नवी गाडी त्यानंतर एका वर्षाच्या आत जन्मली होती आणि पुरती तावूनसुलाखून निघाली नव्हती. ऐन शर्यतीच्या तोंडावर सिलिंडरच्या अस्तराला तडा गेला. सुटा भाग मागवावा तर तो जगात दुसरीकडे कोठेच नाही. ब्रिटन यांनी रात्र जागवून तो तडा वेल्डिंगने सांधला. दुसऱ्या दिवशी अँड्र्यू स्ट्राउड हा त्यांचा स्वार पास्काल पिकोट या डुकाटीच्या नामांकित स्वाराशी असा झुंजला की, पुढचे चाक जमिनीवरून उचललेल्या स्थितीत त्याने प्रतिस्पर्ध्यास मागे टाकल्याचे दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात कायमचे राहिले. आणि शर्यत अगदी संपत आली असताना विजेच्या व्यवस्थेत बिघाड होऊन गाडी बंद पडली. त्या दिवशी जिंकला दुसराच, पण जगभरच्या वृत्तांतांतून वर्णन झाले ते हरलेल्या गाडीचे. नंतरच्या वर्षांत स्ट्राउडने याच डेटोनावर ब्रिटन गाडीस विजय मिळवून दिला. १९९३ साली हजार घनसेंटिमीटरच्या वर्गात वेगाचे जागतिक विक्रम तिच्या नावावर नोंदले गेले, आणि १९९५ च्या बेअर्स जागतिक मालिकेत पहिला क्रमांक स्ट्राउडचा तर दुसरा स्टीफन ब्रिग्ज याचा, असे दोन्ही क्रमांक ब्रिटन गाड्यांनी पटकाविले.

या यशाला एक काळी किनार आहे, आणि ती वगळून ब्रिटन यांचे स्मरण करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९४ साली आयल ऑफ मॅन बेटावरील सुप्रसिद्ध टीटी शर्यतीच्या सरावात मार्क फार्मर हा स्वार ब्रिटन गाडीवरून जात असता अपघातात मृत्यू पावला. दगडी कुंपणे आणि घरांच्या भिंती यांच्यामधून जाणाऱ्या त्या सार्वजनिक रस्त्यांनी कितीतरी स्वारांचा बळी घेतलेला आहे. तरीही आपण स्वतःच्या हातांनी घडविलेल्या यंत्रावर एक तरुण माणूस गेला, ही गोष्ट घडविणाऱ्याच्या अंतःकरणावर काय करीत असेल याची कल्पना करवत नाही.

एकट्या माणसाने परसदारी मोठ्या कंपन्यांना नमविले, अशी ही कथा सांगण्याचा प्रघात पडला आहे. तीत असत्य फारसे नाही, पण अन्याय आहे. ब्रिटन यांच्याभोवती कुशल यंत्रकारांचा आणि मित्रांचा एक मेळा होता. त्यांतील पुष्कळांनी झोपेची, घरदाराची आणि मोबदल्याची तमा न बाळगता काम केले. ब्रिटन कमालीचे आग्रही होते. सकाळी पक्के झालेले संध्याकाळी मोडावयास लावीत, आणि मुदत उरली नसतानाही एखादा वळसा सुंदर दिसत नाही म्हणून तो भाग नव्याने करावयास सांगत. अशा माणसाबरोबर राबणे जिकिरीचे असते. तरीही माणसे राहिली, कारण हा मनुष्य जे इतरांस करावयास सांगे ते स्वतः त्यांच्या शेजारी उभा राहून, हात काळे करून, करीत असे.

ब्रिटन यांच्या पश्चात पत्नी आणि तीन मुले राहिली. त्यांच्या कल्पनांचे पुढे काय झाले, असे कोणी विचारले तर उत्तर काहीसे खिन्न करणारे आहे. मोठ्या कारखान्यांनी त्यांची पुढची भुजा स्वीकारली नाही, बैठकीखालचा रेडिएटरही सर्रास रूढ झाला नाही. हजारोंच्या संख्येने गाड्या काढणाऱ्यास जे स्वस्त आणि परिचित तेच परवडते. यावरून त्यांचे काम निष्फळ ठरविणारे टीकाकार आहेत. मला तो निकष मान्य नाही. ज्या वस्तूचा प्रत्येक भाग एका निश्चित हेतूने, एकाच दृष्टीने घडविलेला आहे, तिची किंमत तिच्या नकला किती निघाल्या यावरून करावयाची नसते. देवालयाची आपण तशी करीत नाही.

ब्रिटन गेल्यानंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगीकृत काम अर्धवट टाकले नाही. त्यांनी मागण्या पुऱ्या केल्या आणि १९९८ पर्यंत व्ही १००० च्या एकंदर दहा गाड्या तयार झाल्या. त्याच वर्षी वेलिंग्टन येथे न्यूझीलंडचे राष्ट्रीय संग्रहालय ‘ते पापा’ जनतेस खुले झाले. निळ्या आणि गुलाबी रंगांतली एक ब्रिटन गाडी तेथे राष्ट्राचा ठेवा म्हणून मांडलेली आहे. दुसरी एक अमेरिकेत अलाबामा राज्यातील बार्बर संग्रहालयात आहे. बाकीच्या बहुतेक खाजगी मालकांकडे गेल्या. त्यांतील काहींनी त्या नुसत्या शोभेसाठी ठेवलेल्या नाहीत, ते अधूनमधून त्या शर्यतीच्या मार्गावर उतरवितात, आणि एखादा भाग झिजला किंवा मोडला तर तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नसल्यामुळे कोणा कारागिरास पुन्हा हातानेच घडवावा लागतो.