चाकांवरील घराचा तोल

अमेरिकेंत व युरोपांत सुटीच्या दिवसांत पुष्कळ कुटुंबें आपलें बिऱ्हाडच मोटारीमागें जोडून प्रवासास निघतात. या चाकांवरील घरास अमेरिकेंत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ व इंग्लंडांत ‘कॅरॅव्हॅन’ म्हणतात. त्यांत बिछाने, चूल, पाण्याची टांकी हें सर्व असतें. एंजिन मात्र नसतें. त्याचा पुढील दांडा मोटारीच्या मागील लोखंडी गोळ्यावर अडकवितात व बाकीचा भार त्याच्या चाकांवर राहतो. अशा गाडींत सामान कोठें ठेवावें हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु मोटारींतील व रस्त्यावरील माणसांचे प्राण त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

आमच्या शेतकऱ्यास हें तत्त्व नवीन नाहीं. दोन चाकांच्या बैलगाडींत ओझें मागें अधिक झालें कीं गाडी उलाळ होते. जूं वर उचललें जाऊन बैलांच्या गळ्यास फास बसतो. ओझें पुढें अधिक झालें तर बैलांची मान सोलून निघते. म्हणून शहाणा गाडीवान जुंवावर बेताचाच भार राहील असें ओझें रचतो.

ट्रेलराचेंहि असेंच आहे. दांड्यावर एकंदर वजनाच्या शेंकडा १० ते १५ भार असावा, असा अमेरिकेंतील सर्वसाधारण नियम आहे. इंग्लंडांतील गाड्यांस शेंकडा ५ ते ७ सांगतात. भार याहून कमी पडला तर वाऱ्याच्या झोतानें किंवा शेजारून मोठी लॉरी गेल्यानें ट्रेलराचें शेपूट डावी-उजवीकडे झोकें घेऊं लागतें, आणि वेग अधिक असल्यास तें मोटारीसहि उलथून टाकतें. भार फार झाला तर मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढील चाकें हलकीं होतात, आणि वळविणें व थांबविणें दोन्ही कठीण होतें.

विद्यार्थ्यांनीं येथें तरफेचा नियम आठवावा. चाकांच्या आंसापासून दांड्याचें टोंक ५ मीटर पुढें आहे असें समजा. आंसाच्या ३ मीटर मागें ६० किलोग्रॅमची पेटी ठेविली, तर दांड्यावरील भार ६० × ३ ÷ ५, म्हणजे ३६ किलोग्रॅमनें कमी होतो. तीच पेटी आंसावर ठेविली असतां तो मुळींच बदलत नाहीं. यास्तव जड वस्तु आंसाजवळ व तळाशीं ठेवाव्या, दोन्ही बाजूंस सारख्या वांटाव्या, आणि त्या सरकूं नयेत म्हणून बांधाव्या. वरच्या फळ्यांवर हलके कपडेच शोभतात. पाण्यासहि वजन आहे हें विसरूं नये : १५० लिटरांची भरलेली टांकी म्हणजे १५० किलोग्रॅम.

अंदाज मात्र फसवा असतो. म्हणून गाडी तोलावी. साखर कारखान्यांत उसाच्या गाड्या तोलण्याचा काटा आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. तशाच काट्यावर प्रथम एकटी मोटार उभी करावी. समजा, २,४०० किलोग्रॅम भरली. मग ट्रेलर जोडून दोन्ही तोलावीं. ४,८०० भरलीं, तर ट्रेलर २,४०० चा ठरला. नंतर जोडलेल्या स्थितींतच ट्रेलराचीं चाकें तेवढीं काट्यावर घ्यावीं. तीं २,१०० दाखवितील तर उरलेले ३०० दांड्यावर आहेत, म्हणजे शेंकडा १२॥. हें योग्य होय. ट्रेलरावर, मोटारीवर व टायरांवर कारखानदारानें कमाल भार लिहिलेला असतो. तो कोठेंहि ओलांडतां कामा नये.

इतकें करूनहि वाटेंत ट्रेलर झोकें घेऊं लागलाच, तर घाबरून जोराचा ब्रेक दाबूं नये व चाक उलटसुलट फिरवूं नये. चाक सरळ धरावें, वेग हळूहळू उतरूं द्यावा, मग सुरक्षित जागीं थांबून सामान पुन्हां लावावें.

आमच्या रस्त्यांवर हीं घरें विरळ. परंतु ट्रॅक्टरामागें ऊस, कडबा किंवा माणसें वाहणारे ट्रेलर गांवोगांवीं दिसतात. नियम त्यांसहि तोच. तरफ ऊस व बिछाना असा भेद करीत नाहीं. बाहेर पडण्यापूर्वीं काट्यावर घालविलेला अर्धा तास वायां गेला असें कोणीं समजूं नये.