लपवण्यासारखं नाही, पण राखण्यासारखं?

तत्त्वज्ञानाचा मास्तर मोबाइलवरच्या खेळांबद्दल काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. रास्त आहे. आम्हांला त्यातला एकही खेळ खेळता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण या विषयाकडे आम्हांला ज्यानं ओढलं, तो आमच्या बहिणीचा नातू त्यात मुरलेला आहे. इंजिनियरिंगला आहे. संगणकाचे सुटे भाग आणून त्यानं स्वतः संगणक जोडला. ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यावं यावर महिनाभर विचार केला, तेवढा आम्ही आमच्या प्रबंधाच्या विषयावर केला नव्हता!

दिवाळीत तो आमच्याकडे आला होता. बोलता बोलता त्यानं तीन मतं मांडली. पहिलं, “आजोबा, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मग माहिती गेली तर गेली.” दुसरं, “खेळ म्हणजे नुसता खेळ, त्यातून कुणाला काय कळणार?” आणि तिसरं, “मी ‘आय अ‍ॅग्री’ दाबलंय ना, म्हणजे मी हो म्हटलंय.” गंमत अशी, की ज्या लॅपटॉपसमोर बसून तो हे सांगत होता, त्याच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला होता. आम्ही त्याकडे बोट दाखवलं. तो हसला. म्हणाला, “ते असंच.”

या ‘असंच’च्या मागे काय आहे, ते आज आपण पाहू.

पहिलं मत त्याचं एकट्याचं नाही. १९९९ सालीच सन मायक्रोसिस्टिम्सचे प्रमुख स्कॉट मॅकनीली यांनी, प्रायव्हसी आता उरलेलीच नाही, ते मान्य करून पुढे चला, अशा अर्थाचं विधान केलं होतं. या मताचा पाया असा, की प्रायव्हसी म्हणजे लपवाछपवी. आणि लपवतो कोण? ज्यानं काही केलेलं असतं तो.

आता आपल्या भाषेनंही यात थोडा घोळ घातला आहे. प्रायव्हसीला आपण सर्रास ‘गोपनीयता’ म्हणतो. गोपन म्हणजे लपवणं. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, तिथे तो शब्द चपखल बसतो. पण आपल्याकडे दुसरा, जुना शब्द आहे: खासगी. होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशेब असत. दौलत राज्याची. अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या, त्यांचा खर्च खासगीतून झाला. आता काशीचा घाट कुणापासून लपलेला आहे काय? साऱ्या जगाला दिसतो. तरी त्याचा पैसा खासगीचा. म्हणजे एखादी गोष्ट खासगी आहे याचा अर्थ ती कुणाला दिसत नाही असा नव्हे. तिच्या बाबतीत शब्द कुणाचा चालतो, हा खासगीपणाचा प्रश्न आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकालही इथे आठवतो. न्यायमूर्ती पुट्टास्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. आधारच्या संदर्भात त्यांनी याचिका केली आणि त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याची मुळं त्यांनी जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात, म्हणजे अनुच्छेद २१ मध्ये, आणि माणसाच्या प्रतिष्ठेत शोधली. प्रतिष्ठा काय फक्त गुन्हेगारांना लागते?

आता दुसरं मत. खेळ म्हणजे नुसता खेळ.

डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातला एक विचार आपल्या कामाचा आहे. खेळाला स्वतःची जागा असते, स्वतःचा वेळ असतो, आणि त्या हद्दीच्या आत वेगळे नियम चालतात. आपण कबड्डीचंच घ्या ना. मैदानात चढाई करणाऱ्याचा पाय धरून त्याला खाली ओढता येतं. रस्त्यात हेच केलंत तर पोलीस येतील! मैदानाच्या आखलेल्या रेषेमुळे त्या कृतीचा अर्थ बदलतो. सामना संपला की ज्याची पकड केली, त्याच्याच खांद्यावर हात टाकून आपण घरी येतो. आतलं आत राहतं, म्हणून आत मोकळेपणानं खेळता येतं. आणि मेंढीकोट खेळताना हातातली पानं आपण छातीशी धरतो. कुणी म्हणतं का, की तुझ्याकडे लपवण्यासारखं नाही ना, मग दाखव पानं? पानं राखायची नसतील तर डावच मोडला.

मोबाइलवरच्या खेळात काय होतं? तुम्ही किती वाजता खेळायला बसलात, किती वेळ खेळलात, कुणाबरोबर खेळलात, कोणत्या टप्प्यावर सारखे हरलात आणि कितव्यांदा हरल्यावर चिडून पैसे मोजलेत, हे सगळं नोंदवता येतं. मैदानातला उतावळेपणा मैदानात राहत नाही, तो तुमच्या नावानं खतावणीत चढतो. आणि उद्या तुम्हांला काय विकायचं, कधी विकायचं, हे ठरवायला वापरता येतो. खेळाडूला वाटतं आपण रिंगणाच्या आत आहोत, आणि रेषा तर कधीच पुसली गेलेली असते.

हे नुसतं तर्कानं बोलतो आहोत असं समजू नका. ‘फोर्टनाइट’ हा खेळ काढणाऱ्या एपिक गेम्स या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं आरोप ठेवले. १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती आईवडिलांच्या संमतीशिवाय गोळा केली, हा एक. मुलांच्या खात्यांतही अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय मुळातच चालू ठेवली, हा दुसरा. बटणांची रचना अशी केली की नको असलेली खरेदी होऊन जावी, हा तिसरा. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड जाहीर झाली: २७ कोटी ५० लाख डॉलर दंड आणि शिवाय ग्राहकांना परत देण्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर. ‘मुळातच चालू’ या दोन शब्दांकडे लक्ष द्या. मुलानं काही निवडलेलंच नव्हतं. त्याच्या वतीनं आधीच कुणीतरी निवडून ठेवलं होतं.

यावरून आपण तिसऱ्या मताकडे येतो. ‘मी हो म्हटलंय.’

आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं संमत केला. तो म्हणतो, संमती स्वेच्छेनं दिलेली, ठरावीक कामापुरती, माहिती करून घेऊन दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. आणि ती मागे घेणं, देण्याइतकंच सोपं हवं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती हवी. शिवाय, नियमांतले अपवाद सोडले तर, मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. आता तुमचं ‘आय अ‍ॅग्री’ या कसोटीवर घासून पाहा. चाळीस पानांच्या अटी न वाचता, मित्र पलीकडे थांबलेत म्हणून घाईनं दाबलेलं बटण. हो तर आहे. पण कशाला हो?

म्हणजे कंपन्यांना काहीच पाहू देऊ नये का? तसंही नाही. नातवानंच आम्हांला समजावलं. ‘व्हॅलोरंट’ या खेळाबरोबर ‘व्हॅनगार्ड’ नावाचा पहारेकरी येतो. तो संगणकाच्या गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात तिथे, बसतो आणि संगणक चालू होतानाच जागा होतो, खेळ उघडलेला असो वा नसो. “चीटिंग करणारे पकडायला लागतं आजोबा,” तो म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नाही. लबाडी झाली की खेळ संपतो, तेव्हा पंच हवाच. पण पंचानं मैदानात उभं राहावं की आपल्या घरी मुक्कामाला यावं, हा प्रश्न उरतोच. सरकारनं खासगीपणात हात घालायचा तर पुट्टास्वामी निकालानं कसोटी दिली आहे: कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. कंपनीला ती जशीच्या तशी लागू होत नाही. पण आपल्यापुरता विचार करायला ती उसनी घ्यायला काय हरकत आहे? हेतू कोणता, आणि त्यासाठी एवढं लागतं का? प्रत्येक अ‍ॅप उतरवताना हे दोनच प्रश्न विचारावेत.

शेवटी एक कबुली. त्याच दिवाळीत त्याची धाकटी बहीणही आली होती, अकरा वर्षांची. आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून मैत्रिणींबरोबर खेळत होती. जिंकली की स्वतः रचलेलं एक गाणं मोठ्यानं म्हणायची. आम्हांला इतकं कौतुक वाटलं, की दारात उभं राहून आम्ही ते मोबाइलवर टिपलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. चाळीस माणसं आहेत त्यात. सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. संध्याकाळी तिच्या आत्याचा फोन आला, “म्हण ना ते गाणं!”

पोरगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दार लावून खेळू लागली. गाणंही बंद. आम्ही आग्रह केला, तर म्हणाली, “नको आजोबा, तुम्ही रेकॉर्ड कराल.”

त्या गाण्यात लपवण्यासारखं काय होतं? काहीही नाही. आमचा हेतूही वाईट नव्हता. पण तिच्या रिंगणातली गोष्ट तिला न विचारता आम्ही बाहेर नेली होती. आणि आमच्यावर रागावलं कोण? तिचा भाऊ. “आजोबा, तिला विचारायचं ना आधी!” म्हणाला. आम्ही त्याला म्हटलं, “अरे, तिच्याकडे लपवण्यासारखं तर काही नव्हतं.” तो गप्प बसला. मग म्हणाला, “तो मुद्दाच नाहीये.”

मुद्दा नेमका काय आहे, हे तासभर बोलून आम्ही जेवढं सांगितलं, तेवढं त्याला त्या क्षणी कळलं होतं. आम्ही तिची माफी मागितली आणि ग्रुपवरून ते काढून टाकलं. ज्यांनी आधीच उतरवून घेतलं असेल, त्यांच्याकडे ते आहेच. ती अजून आमच्यासमोर गात नाही. आम्ही वाट पाहतो आहोत.

आता आपले प्रश्न घेऊ या.