तलावात आधी गवत, मग मासे

क्लीनअप ड्राइव्ह तुम्ही एकदा तरी केलाच असेल. एनएसएसचे तास भरायचे असतात, सर हजेरी घेतात. रविवारी सकाळी सातला तलावाच्या काठावर जमायचं, ग्लोव्हज घालायचे, प्लास्टिकच्या बाटल्या पोत्यात भरायच्या, बॅनरसोबत फोटो काढायचा आणि पोहे खाऊन हॉस्टेलला परत. पुढच्या रविवारी तोच काठ बघा. बहुतेक वेळा पोती तिथंच पडलेली असतात.

यात तुमचा दोष नाही. ज्या तलावात आपण अंघोळ करत नाही, मासे धरत नाही, ज्याचं पाणी आपल्या शेतात जात नाही, तो महिन्यानंतर आपल्याला आठवणार कसा? आता ज्यांना तो रोज आठवतो, त्यांच्याकडे चला.

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, गडचिरोलीच्या हद्दीजवळ केशोरी आहे. मिरचीसाठी ओळखलं जाणारं गाव. तालुका अर्जुनी मोरगाव. या भागात धानाची बांधी संपली की तलाव आणि तलाव संपला की पुन्हा बांधी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी यातले कितीतरी बांधले. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. पुढे तलाव मालगुजारांकडे होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि त्यांना नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. शॉर्टमध्ये 'मामा तलाव'. (हो, सरकारी कागदावरही हेच लिहितात.)

मालक बदलला आणि देखभाल कोणाचीच उरली नाही. गाळ साचला. उथळ काठावर बेशरम माजली. ही गुलाबी फुलांची झुडपं तुम्ही रस्त्याच्या कडेला पाहिली असतील. मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. त्यातच जास्त उत्पादनासाठी तलावात रोहू, कटला, मृगळ सोडायची पद्धत आली. सोबत गवत्याही आला, आणि तो तर पाण्यातली वनस्पतीच खातो.

इथे थोडं थांबा, कारण सगळी गोष्ट या हिशोबावर उभी आहे. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणजे दरवर्षी बीज विकत आणा, सोडा, वाढवा, विका, पुन्हा विकत आणा. मरळ, वाघूर असे गावरान मासे मात्र तलावातच वाढतात, तिथंच पिल्लं देतात. त्यांना विकतचं बीज नको. पण पिल्लांना लपायला आणि खायला उथळ पाण्यातलं गवत हवं. गवत गेलं की हे मासे गेले, मासे गेले की पक्षी गेले, आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबाची कमाईही गेली.

ही साखळी ढिवरांना पाठ होती. ती कुणी त्यांना विचारली नव्हती, एवढंच. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांनी ती विचारली. कुठल्या तलावात कुठलं गवत, किती खोल पाण्यात, कोणता मासा त्याच्या आसऱ्याला, हे ज्ञान मासे धरणाऱ्या लोकांकडून गोळा झालं. मग अर्जुनी मोरगाव तालुक्यात मच्छिमारांसोबत प्रत्यक्ष काम सुरू झालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट काढायची, तळाचा काही भाग नांगरायचा आणि पाऊस लागला की दुसऱ्या तलावातून आणलेल्या वनस्पती लावायच्या. होय, धानासारखी रोवणीच, पण तलावात! गावरान मासे परत दिसू लागले, पक्षीही. ढिवर महिलांचे गट यात उतरले आणि ज्या ग्रामसभेत त्या मागे बसायच्या, तिथं तलावाबद्दल बोलू लागल्या. मला विचाराल तर यातला सगळ्यात अवघड भाग हाच होता. बेशरम उपटणं त्यामानाने सोपं.

सगळं गोड झालं असं समजू नका. शेतकऱ्याला धानासाठी पाणी सोडायचं असतं, ढिवराला माशांसाठी तलावात राखायचं असतं. दोघंही आपल्या जागी बरोबर. शिवाय तलाव दुरुस्ती म्हटलं की जेसीबी येतो. सरसकट खोल खोदलं की पाणी वाढतं, पण उथळ काठ संपतो आणि खोल पाण्यात उजेड पोचत नाही, मग गवत उगवणार कुठे?

'आम्ही तर शहरात राहतो' असं म्हणणाऱ्यांसाठी पुणे बघू. तिथं तलावाच्या जागी कचरा ठेवा आणि ढिवरांच्या जागी कचरावेचक बाया. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. नंतर त्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला घेतला. 2013 मध्ये तर त्यांनी वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. तुमचा माल, तुमचा कचरा! हा कचरा उघड्या हातांनी वेगळा करावा लागणारीलाच असं सुचू शकतं. सेमिनारमध्ये बसून मला तरी सुचलं नसतं.

तेव्हा पुढच्या ड्राइव्हला जाण्याआधी एक काम करा. त्या तलावावर, नाल्यावर, डम्पिंग ग्राउंडवर कोणाचं पोट आहे ते शोधा आणि कॉलेजच्या कमिटीत त्यांच्यातलं कुणीतरी बोलवा. पाहुणे म्हणून सत्कार करायला नाही, प्लॅन ठरवायला. तारीखही त्यांनाच विचारा.

आणि अर्जुनी मोरगावकडचे असाल तर परीक्षा संपल्यावर, मे महिन्यात तलावावर जा. बेशरम काढायची वेळ तीच. फोटो काही खास येत नाहीत, गुडघाभर चिखल असतो, आणि पोहे घरून न्यावे लागतात.