नरडाण्याचा समुद्र

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा समुद्रापासून इतके दूर आहे की तेथील पुष्कळ वृद्धांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नसेल. तथापि त्यांच्या शेतावर पडणाऱ्या, अथवा न पडणाऱ्या, पावसाचे मान बऱ्याच अंशी अरबी समुद्र ठरवतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली असे दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात, मोसमी पाऊस एकंदरीत घटत असतानाच, मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग मात्र तिपटीने वाढले. आणि याचे मूळ तापत चाललेल्या उत्तर अरबी समुद्रावरील पश्चिमी वाऱ्यांच्या चांचल्यात आहे, कारण ते वारे एकाएकी अमाप बाष्प भूमीवर लोटतात.

कोरडवाहू कापसाला हा लहरीपणा मानवत नाही. पेरणीनंतर पावसाने दडी मारली की दुबार पेरणीसाठी पुन्हा उधारीचे बियाणे आणावे लागते. आणि दिवाळीच्या सुमारास, बोंडे फुटून वेचणी चालू असताना, अवकाळी सरी आल्या की कापूस काळवंडतो, सरकीला झाडावरच कोंब फुटतात आणि व्यापारी चिमूटभर कापूस बोटांत चोळून भाव पाडतो. महसुली व्याख्येप्रमाणे चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. कापूस बिचारा त्याहून पुष्कळ कमी पावसात भिजतो!

अशा वर्षी तरुण मंडळी सुरतेची गाडी धरतात. दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करीत हा लोहमार्ग सुरतेतील उधन्यास पोहोचतो, आणि तेथील व लिंबायतच्या खानदेशी वस्तीत, जिथे अहिराणी सर्रास कानी पडते, ओळखीपाळखीने यंत्रमागावर काम मिळते. परंतु तापी नदीही समुद्राला मिळण्यासाठी सुरतेतूनच जाते. ऑगस्ट २००६ मध्ये तिच्यावरील उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. त्याचा सारा दोष हवामानावर ढकलणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण धरणाचे पाणी केव्हा व किती सोडावे हा निर्णय माणसांचाच होता. मात्र समुद्राची पातळी चढत गेली, तर भरतीच्या वेळी पुराला वाट मिळणे उत्तरोत्तर कठीण होणार, हे उघड आहे.

गावी पीक बुडाले तर तलाठ्याच्या पंचनाम्यात खातेदाराचे नाव, बाधित क्षेत्र आणि नुकसानीचे प्रमाण यांची नोंद होते. परंतु सुरतेत कारखान्यात पाणी शिरून बुडालेली रोजंदारी, जिच्या भरवशावर गावच्या सोसायटीचे पीककर्ज फिटायचे असते, तिला ना धुळ्याच्या दफ्तरात रकाना आहे, ना सुरतेच्या.