रंगकाम म्हणजे दुरुस्ती नव्हे

बाजारपेठेतल्या इमारतीला बाहेरून रंग दिला की देखभालीचा नियम पाळला, असा समज मुंबईत सर्रास आढळतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888च्या कलम 353-ब मध्ये मात्र रंगाचा प्रश्नच नाही. इमारत वापरात येऊन 30 वर्षे झाली की नोंदणीकृत अभियंत्याकडून स्ट्रक्चरल ऑडिट (सांगाडा भार पेलण्याइतका भक्कम आहे का, याची तपासणी) करून घ्यावे लागते. दुकाने-कार्यालयांच्या इमारतींनाही ते लागू आहे.

पिवळा दात घासून पांढरा केला, तरी आतली कीड तशीच राहते. रंगाचेही तसेच आहे. छज्ज्याच्या खालच्या बाजूला तांबूस ओघळ दिसला, गिलावा फुगला, तर आतली सळई गंजते आहे असे समजावे. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा सोडवते. पाट्यांसाठी छज्ज्याला पाडलेली भोके, एसीचे ठिबकणारे पाणी, पाइपाच्या सांध्यात उगवलेला पिंपळ यांनी हे काम फार लवकर होते. खाली पदपथावर माणसे चालत असतात, म्हणून याकडे काणाडोळा नको.

तपासणीची जबाबदारी पालिकेची नसून मालकाची किंवा भोगवटादाराची (प्रत्यक्ष वापर करणाऱ्याची) आहे. अभियंत्याने सुचवलेली दुरुस्तीही त्यांनीच करून घ्यायची असते.