उसात पिल्लू दिसले तर

आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्याची मादी उसात पिल्ले देते. यंदा तोडीच्या वेळी आमच्या फडात दोन पिल्ले सापडली. मांजराएवढीच होती. मला ती घरी न्यावीशी वाटली. आजोबा ओरडले, "हात लावू नको! आई जवळच असंल." तोड थांबवून सगळे मागे सरलो. वडिलांनी वनखात्याला १९२६ नंबरवर फोन केला. त्यांच्या माणसांनी पिल्ले तपासली आणि संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवली. रात्री आई येऊन त्यांना घेऊन गेली.

मित्रांनो, पिल्लू दिसले तर उचलू नका, दूध पाजू नका. लगेच मोठ्या माणसांना सांगा. पिल्लू नेले तर आई चवताळून वस्तीजवळ शोधत फिरते. पिल्लू आईला मिळाले म्हणजे आपणपण सुखरूप.