संशोधनाला हवा शेजार

रत्नागिरी जिल्ह्यात ज्ञानसंस्थांची वाण नाही. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ पासून उभे आहे. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये, तर शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ मध्ये स्थापन झाले. वाण आहे ती शेजाराची. आंब्याच्या मोहराचा अभ्यासक आणि बाजारभावाचा अभ्यासक यांची गाठ क्वचितच पडते. प्रबंध लिहिला जातो, पदवी मिळते आणि प्रबंध कपाटात जातो. त्याचे खंडन करण्यासाठीसुद्धा तो कोणी वाचत नाही.

पुण्याच्या गोखले संस्थेने १९३० मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली कार्यारंभ केला, तेव्हा पुण्यातील फळबाजारासारखे दाराशीच असलेले विषय हाती घेतले. अशा पाहण्यांतूनच अभ्यासकांची पिढी घडली.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा लाभ बागायतदाराला किती व दलालाला किती, हे कोडे बागेचा आणि बाजाराचा जाणकार एकत्र बसल्याखेरीज सुटणार नाही. अध्यापनाचा भार मोठा आहे, हे खरे. परंतु महिन्यातून एक संध्याकाळ, एक निबंध आणि चार निर्भीड टीकाकार एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. अनुदान मागाहून आले तरी चालेल. वाचक मात्र आधी हवा.